पायथनची मॉड्युल्स विंडोज, लिनक्स आणि मॅकवर कशी टाकायची: दुकानदारासाठी सोपा धडा



मागच्या व्हिडिओत आपण एक छोटा प्रोग्राम बनवला. कंपनीचं नवीन भावपत्रक एक्सेलमध्ये येतं, त्यातला भाव उचलायचा, आपलं मार्जिन लावायचं आणि दुकानाची नवी यादी तयार करायची. काम पंधरा-वीस ओळींचं. पण माझ्या बॅचमधल्या अर्ध्या लोकांची गाडी पहिल्याच ओळीवर पंक्चर झाली. स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं: 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर, नो मॉड्यूल नेम्ड ओपनपायएक्सएल'.

घाबरू नका. प्रोग्राम चुकलेला नाही, माल आलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. आज तो माल विंडोज, लिनक्स आणि मॅकवर कसा आणायचा ते बघू. आणि या एका एररमुळे माझे ३,१५० रुपये कसे गेले तेही सांगतो, म्हणजे तुमचे जाणार नाहीत.

आधी मोंढा समजून घ्या

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. गुइडो व्हॅन रोसम यांनी ती १९९१ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणली. ती टाकली की बेरीज-वजाबाकी, फाईल वाचणं, तारखा अशी रोजची कामं लगेच होतात. पण एक्सेलची फाईल उघडणं, बारकोड काढणं, क्यूआर कोड बनवणं यासाठी जोडमाल लागतो. त्या जोडमालाला मॉड्यूल किंवा पॅकेज म्हणतात.

हा माल मिळतो पायपीआय नावाच्या इंटरनेटवरच्या मोंढ्यात. तो २००३ पासून चालू आहे आणि आज तिथे पाच लाखांहून जास्त पॅकेजेस पडलेली आहेत. बहुतेक सगळी फुकट. आपल्या मुंबईचाही माल तिथे आहे बरं का. 'मायावी' नावाचं त्रिमिती चित्रं दाखवणारं मॉड्यूल आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेलं आहे आणि ते जगभरात वापरतात.

मोंढ्यातून माल आणून दुकानात लावणारा जो हमाल, त्याचं नाव पिप. २०१४ मध्ये पायथन ३.४ आलं, तेव्हापासून पिप पायथनसोबतच मिळतो.

बीबीएला आम्हाला एक प्रश्न शिकवला होता: वस्तू स्वतः बनवायची की विकत घ्यायची? इथे उत्तर सोपं आहे. एक्सेलची फाईल वाचणारा कोड स्वतः लिहायला बसलात तर महिने जातील. मोंढ्यात तो तयार आहे, उचला आणि धंद्याला लागा.

माझे ३,१५० रुपये कसे गेले

केजला माझं पाइप-फिटिंग आणि ठिबकचं दुकान आहे. मे महिन्याच्या शेवटी कापसाच्या लागवडीची गडबड असते आणि नेमकं तेव्हाच नवीन भावपत्रक आलं. घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी उबुंटू टाकलेलं आहे. रात्री त्यावर प्रोग्राम चालवला, एकदम झकास चालला. फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि सकाळी दुकानातल्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर टाकलं. लगेच एरर.

मी पिपला सांगितलं, ओपनपायएक्सएल टाक. टाकलं. प्रोग्राम चालवला, पुन्हा तीच एरर. परत टाकायला गेलो तर पिप म्हणतो, 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. म्हणजे माल आधीच आलेला आहे. आणि प्रोग्राम म्हणतो माल नाही! समोर गिऱ्हाईकांची रांग, डोकं चालेना. म्हटलं नंतर बघू. या 'नंतर'मध्ये चार दिवस गेले आणि जुन्याच भावाने विक्री चालू राहिली. लॅटरलच्या एका बंडलमागे ७५ रुपये वाढले होते. ४२ बंडल गेले. ७५ गुणिले ४२, हिशेब तुम्हीच करा.

बप्पा गल्ल्यावर बसलेले होते. म्हणाले, "अरं, तुझं ते मशीन बंद पडलं होतं तर कागदावर चार भाव लिहून भिंतीला डकवायला काय झालं होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

पाचव्या दिवशी कारण सापडलं. त्या कॉम्प्युटरवर दोन पायथन होते. एक दोन वर्षांपूर्वी शिकायला आलेल्या मुलाने टाकलेलं, दुसरं मी नवीन टाकलेलं. पिप ही कमांड जुन्या पायथनची होती आणि प्रोग्राम उघडत होता नव्यात. म्हणजे काय झालं? हमालाने पोती इमानदारीने आणली, पण शेजारच्या दुकानात उतरवली. या विषयातल्या निम्म्याहून जास्त अडचणींचं मूळ हेच असतं, म्हणून हे चित्र डोक्यात पक्कं ठेवा.

कमांड टाईप करण्याआधी

कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या. व्हिडिओत त्या स्क्रीनवर दिसतातच. थोडं स्पेलिंग बघून घ्या:

- 'पाय' म्हणजे फक्त पी आणि वाय. शेवटी ई नाही.
- 'पायथन३' म्हणजे पायथन आणि त्याला चिकटून आकडा ३.
- '-एम' म्हणजे उणे चिन्ह आणि छोटा एम, मध्ये जागा नाही.
- 'व्हेन्व' म्हणजे व्ही, ई, एन, व्ही.
- 'ओपनपायएक्सएल' म्हणजे ओपन, मग पी-वाय, मग एक्स-एल, सगळं सलग.

आता डॉक्युमेंट्समध्ये 'दुकान' नावाचं फोल्डर करा आणि प्रोग्रामची फाईल त्यात ठेवा. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये स्पेस न देता.

दुसरी गोष्ट. माल थेट मुख्य पायथनमध्ये ओतायचा नाही. प्रत्येक कामासाठी वेगळी पेटी करायची. हिला 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट' म्हणतात. भावाच्या कामाची पेटी वेगळी, बारकोडच्या कामाची वेगळी. एका कामाला मॉड्यूलची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. पेट्या वेगळ्या असल्या की भांडण होत नाही. आपण पेटीचं नाव 'भाव' ठेवू. इंग्रजीत बी, एच, ए, व्ही.

विंडोजवर

१. पायथन त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. जुन्या पद्धतीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच खिडकीत खाली 'ॲड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ' अशी चौकट असते. ती आपोआप निवडलेली नसते, तिथे टिक करा. नव्या इन्स्टॉल मॅनेजरने घेतलं तर ही चौकट दिसणार नाही, पण 'पाय' ही कमांड चालते.

२. 'दुकान' फोल्डर उघडा. वर जिथे फोल्डरचा पत्ता दिसतो तिथे क्लिक करून 'सीएमडी' ही तीन अक्षरं टाईप करा आणि एंटर दाबा. काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडेल.

३. पेटी बनवा: पाय -एम व्हेन्व भाव

४. पेटी चालू करा: भाव\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट

ओळीच्या सुरुवातीला कंसात 'भाव' दिसलं की समजा पेटी चालू झाली.

काळ्या खिडकीऐवजी पॉवरशेल उघडलं असेल तर चौथ्या पायरीला 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड' असा निरोप येऊ शकतो. सेटिंगशी खेळत बसू नका, पॉवरशेल बंद करा आणि 'सीएमडी'नेच जा.

आपल्याकडे बऱ्याच दुकानांत अजून विंडोज ७ चे कॉम्प्युटर आहेत. त्यावर पायथन ३.८ हीच शेवटची आवृत्ती चालते आणि तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२४ मध्ये बंद झाल्या. शिकायला चालेल, पण ज्या मशीनवर बँक आणि जीएसटीचं लॉगिन आहे तिथे हे जुनं कुटुंब ठेवू नका.

लिनक्सवर

उबुंटू, डेबियन किंवा आपल्या सी-डॅकने डेबियनवर बांधलेलं बॉस लिनक्स, यांत पायथन आधीपासून असतं, कारण सिस्टिमची स्वतःची कामंही त्यावर चालतात. म्हणूनच तिथे जपून हात लावायचा.

१. पेटी बनवायचं साहित्य एकदाच घ्या: सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व

२. 'दुकान' फोल्डरमध्ये राइट क्लिक करून टर्मिनल उघडा.

३. पेटी बनवा: पायथन३ -एम व्हेन्व भाव

४. पेटी चालू करा: सोर्स भाव/बिन/ॲक्टिव्हेट

डेबियन १२ आणि उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांवर पेटीशिवाय पिप चालवलं तर 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते. ही एरर आपल्या भल्यासाठी आहे. सिस्टिम सांगतेय, हा माझा माल आहे, यात तुझा मिसळू नको. इंटरनेटवर याच्यावर 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' नावाचा जुगाड सांगतात. नावातच लिहिलंय, काय मोडणार आहे ते! तो वापरू नका. पिपच्या आधी सुडोही लावू नका.

मॅकवर

ॲपलने मॅकओएस १२.३ पासून, म्हणजे २०२२ पासून, जुनं पायथन २ काढून टाकलं. म्हणून नुसतं 'पायथन' टाईप केलं तर काही सापडत नाही. 'पायथन३' टाईप केल्यावर डेव्हलपर टूल्स टाकू का, असं मशीन विचारतं. नवशिक्याने पायथनच्या संकेतस्थळावरची मॅकची फाईल घेतलेली बरी.

टर्मिनल उघडा, 'सीडी' लिहून एक स्पेस द्या आणि 'दुकान' फोल्डर माउसने ओढून त्या खिडकीत सोडा. एंटर दाबा. पुढच्या दोन्ही कमांड लिनक्ससारख्याच:

पायथन३ -एम व्हेन्व भाव
सोर्स भाव/बिन/ॲक्टिव्हेट

पेटी चालू झाली की तिन्हीकडे एकच कमांड

इथपर्यंत तीन रस्ते वेगळे होते, आता ते एका चौकात येतात. पेटी चालू असताना तिन्ही सिस्टिमवर हेच टाईप करायचं:

पायथन -एम पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सएल

नुसतं 'पिप इन्स्टॉल' का नाही? कारण 'पायथन -एम पिप' म्हटलं की आपण सांगतो, याच पायथनच्या हमालाला बोलवा. मग पोती शेजारी उतरत नाहीत. माझे चार दिवस या सवयीने वाचले असते.

माल आला का, कुठे उतरला, ते बघायला:

पायथन -एम पिप शो ओपनपायएक्सएल

त्यात 'लोकेशन' ही ओळ वाचा. पत्त्यात तुमचं 'दुकान' आणि 'भाव' दिसलं तर माल बरोबर जागी आहे. विंडोजवर किती पायथन आहेत ते बघायचं असेल तर 'पाय -०पी' टाका, म्हणजे उणे चिन्ह, शून्य आणि पी. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर!

दुकानातल्या पोरासाठी एक बटण

फाईलवर डबल क्लिक केलं तर ती पेटीतल्या नाही, मुख्य पायथनमध्ये उघडते आणि पुन्हा तीच एरर येते. म्हणून विंडोजवर नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहा:

भाव\स्क्रिप्ट्स\पायथन.ईएक्सई यादी.पीवाय
पॉज

यात 'यादी'च्या जागी तुमच्या प्रोग्रामचं नाव. ही फाईल शेवटी '.बीएटी' लावून 'दुकान' फोल्डरमध्येच सेव्ह करा. आता काउंटरवरच्या पोराला काही शिकवायला नको. डबल क्लिक केलं की यादी तयार.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेताना

पेटीचं फोल्डर कॉपी करून नेऊ नका. पेटीत त्या मशीनचे पत्ते लिहिलेले असतात. उबुंटूची पेटी विंडोजवर उघडणारच नाही. पेटी न्यायची नसते, मालाची यादी न्यायची असते:

पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

या फाईलमध्ये मॉड्यूलचं नाव आणि नेमकी आवृत्ती लिहिली जाते. नव्या मशीनवर नवीन पेटी बनवा, चालू करा आणि यादी हमालाच्या हातात द्या:

पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

किराणा भरताना आपण जुनी डबी उचलून नेत नाही, चिठ्ठी नेतो. तसंच आहे हे.

दुकानात नेट चालत नसेल तर

लाईट गेली की राउटर गेला, हे आपल्याला काही नवीन नाही. घरी नेट असताना माल उतरवून घ्या:

पायथन -एम पिप डाउनलोड ओपनपायएक्सएल -डी माल

'माल' नावाचं फोल्डर तयार होईल. ते पेन ड्राइव्हवर न्या आणि दुकानात पेटी चालू करून:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स माल ओपनपायएक्सएल

इथे दोन-दोन उणे चिन्हं आहेत, नीट बघा. ओपनपायएक्सएल शुद्ध पायथनमध्ये लिहिलेलं आहे, म्हणून लिनक्सवर उतरवलेली फाईल विंडोजवरही चालते. पंडाससारख्या जड मॉड्यूलचं तसं नाही. ते ज्या सिस्टिमवर वापरायचं त्याच प्रकारच्या सिस्टिमवर उतरवा.

नेहमीच्या एरर आणि त्यांचा अर्थ

- 'व्हिज्युअल सी++ १४.० इज रिक्वायर्ड': तुमच्या पायथनसाठी तयार माल मिळाला नाही, म्हणून पिप कच्चा माल आणून घरीच बनवायला बसला. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि काही मॉड्युल्स मागे राहतात. एक आवृत्ती जुनी पायथन टाका, बहुतेक वेळा काम होतं. ३२ बिटचं पायथन असेल तर ६४ बिटचं घ्या.
- टाकायचं नाव एक, बोलवायचं दुसरं: फोटोसाठी 'पिलो' टाकतात, पण प्रोग्राममध्ये 'पीआयएल' म्हणून बोलवतात. बारकोडचं मॉड्यूल 'पायथन-बारकोड' नावाने टाकायचं आणि नुसतं 'बारकोड' म्हणून बोलवायचं.
- स्वतःच्या फाईलचं नाव: प्रोग्रामच्या फाईललाच 'ओपनपायएक्सएल' नाव दिलं तर पायथन मोंढ्यातला माल सोडून तुमचीच फाईल उघडतो. वेगळं नाव द्या.
- जुनी एक्सेल फाईल: ओपनपायएक्सएल 'एक्सएलएसएक्स' फाईल वाचतं, जुनी 'एक्सएलएस' वाचत नाही. कंपनीकडून जुनी फाईल आली तर एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' करा.

नकली मालापासून सावध

मोंढ्यात कोणीही माल ठेवू शकतो, म्हणून भामटेही येतात. सप्टेंबर २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने पायपीआयवरची दहा नकली पॅकेजेस उघडी पाडली. नावं खऱ्यासारखीच, एखादं अक्षर इकडेतिकडे. डिसेंबर २०१९ मध्ये 'जेलीफिश' या मॉड्यूलची नक्कल सापडली. नावातल्या छोट्या एलच्या जागी मोठा आय घातलेला, डोळ्याला फरकच कळत नाही. ती नक्कल लोकांच्या मशीनवरच्या गुप्त चाव्या चोरत होती.

आपल्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर काय असतं? जीएसटीचा पासवर्ड, बँकेचं लॉगिन, गिऱ्हाइकांचे नंबर, उधारीची वही. आणि नकली मॉड्यूल टाकतानाच त्याचा कोड चालू शकतो, वापरायचीही गरज नाही. म्हणून तीन नियम पाळा. एक, नाव मॉड्यूलच्या मूळ पानावरून बघूनच टाईप करा. दोन, व्हॉट्सॲपवर आलेली कमांड डोळे झाकून चिकटवू नका. तीन, नवीन मॉड्यूल आधी ज्या मशीनवर बँक नाही तिथे वापरून बघा.

गृहपाठ

१. 'दुकान' फोल्डर, 'भाव' पेटी आणि ओपनपायएक्सएल, एवढं आज संध्याकाळी करा.
२. 'पिप शो' चालवून लोकेशनची ओळ वहीत लिहा.
३. मालाची यादी काढून पेन ड्राइव्हवर ठेवा.
४. प्रोग्राम चालवण्याआधी मूळ भावपत्रकाची एक कॉपी वेगळी ठेवा. नेहमी.

ज्यांना अजून सवय हवी त्यांनी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातले मराठी धडे बघावेत, फुकट आहेत. एमएस-सीआयटी केलेल्या कुणालाही जमतील.

आणि पाचवा गृहपाठ बप्पांकडून. नवीन भाव आले की सगळ्यात जास्त खपणाऱ्या दहा वस्तूंचे भाव आधी कागदावर लिहून भिंतीला डकवा, मग कॉम्प्युटरला हात लावा. माझ्या गल्ल्यामागे तो कागद आता कायम असतो. मशीन चालो न चालो, भाव चुकत नाही.

पुढच्या व्हिडिओत याच पेटीत बारकोडचं मॉड्यूल टाकून लेबलं काढू. तोपर्यंत धंदा करत राहा, शिकत राहा.